मॉनिटर घ्यायचा तर आधी स्टूल कुठं आहे ते पाहा

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात एसटी थांब्याला लागून माझं दुकान आहे. दहा बाय बाराचं, वर टिन. सातबारा काढणं, फॉर्म भरणं, लग्नपत्रिका, बॅनरचं डिझाइन, पोट्ट्यांचे शाळेचे प्रोजेक्ट, जे येईल ते करते. टेबलाच्या अलीकडं मी, माझ्या डाव्या हाताला गिऱ्हाइकाचं स्टूल, आणि पलीकडं काउंटरवरून वाकून पाहणारे दोन-चार जण. या तीन जागा ध्यानात ठेवा. मॉनिटरचं सगळं गणित मी या तीन जागांवरूनच शिकले, आणि तेही आपटून.

२०१७ मध्ये दुकान टाकलं तेव्हा साडेअठरा इंची मॉनिटर घेतला होता. दुकानदार म्हणाला, "एलईडी आहे मॅडम, एकदम क्लिअर." मला वाटलं एलईडी म्हणजे वरची जात असेल. पुढं कळलं की पडद्यामागं जो उजेड लावलेला असतो तो एलईडीचा, एवढाच त्याचा अर्थ. असा उजेड आजकाल जवळजवळ सगळ्याच मॉनिटरमध्ये असतो. पॅनेल, म्हणजे चित्र उमटवणारा मूळ पडदा, कुठल्या जातीचं, हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मग एक दिवस वानखडे काका मुलीच्या जातीच्या दाखल्याचं काम घेऊन आले. स्टुलावर बसले. मी सगळं टाइप केलं आणि म्हटलं, "काका, नाव एकदा पाहून घ्या बरं." त्यांनी मान पुढं केली, डोळे बारीक केले, म्हणाले, "हो हो, बराबर हाये." दाखला आला तो ‘वानखेडे’ नावाचा. आमच्याकडं वानखडेही आहेत आणि वानखेडेही आहेत, आणि कॉलेजच्या प्रवेशाला त्या एका मात्रेनं किती खेटे घालायला लावले ते काकांनाच माहीत. मी माफी मागायला गेले तर म्हणाले, "ताई, मले तवाच काई दिसून नव्हतं रायलं. सारं पांढरं पांढरं दिसे. मंग म्हटलं, तुमाले दिसते त बस झालं."

चूक माझी होतीच. पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी होत्या, त्या सुट्या करायला मला दोन वर्षं लागली. मला समोर बसूनही ती मात्रा नीट दिसली नाही, हा रिझोल्यूशनचा आणि केबलचा दोष. काकांना बाजूनं अक्षरच दिसलं नाही, हा पॅनेलचा दोष. मॉनिटर निवडताना लोक या दोन्हींची खिचडी करतात आणि "फुल एचडी घे, झालं" म्हणून मोकळे होतात.

पॅनेल: कोण कुठून पाहणार

बाजारात मुख्य तीन जाती आहेत: टीएन, व्हीए आणि आयपीएस. ओएलईडी म्हणून चौथी आहे, पण ती महाग. शिवाय आमच्यासारख्यांच्या पडद्यावर दिवसभर एकच टास्कबार आणि एकच फॉर्म उभा असतो, त्याचा डाग ओएलईडीवर कायमचा बसू शकतो. ती सोडून देऊ.

फरक समजायला शेतात चला. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, तासाच्या (ओळीच्या) सरळ रेषेत धुऱ्यावर उभं राहिलं की दोन तासांमधली माती लांबवर दिसते. दोन पावलं बाजूला सरका, माती गायब, नुसती हिरवी भिंत. शेत तेच, जागा बदलली. टीएनचं असंच आहे. त्यातले द्रवस्फटिकाचे कण वीज मिळाली की पाहणाऱ्याकडं तोंड करून उभे होतात, त्यामुळं पाहणाऱ्याची जागा बदलली की रंगही बदलतो. वरून पाहिलं तर चित्र फिकं, खालून पाहिलं तर काळवंडलेलं, कधी तर उलटे रंग. माझ्या दुकानात काउंटरवर उभ्या असलेल्याला बॅनरवरचा भगवा फिक्कट पिवळा दिसायचा आणि मला खुर्चीत बसून गडद. एकानं विचारलंच, "काऊन वो ताई, हा भगवा असा पिवया कायले दिसून रायला?" मी त्याच्यासाठी रंग गडद केला. छापून आला तो विटकरी.

आयपीएसमधले कण काचेला समांतर पडलेले असतात आणि पडल्यापडल्याच फिरतात. अंगणात सांडलेल्या काड्या कुठूनही पाहिल्या तरी साधारण तशाच दिसतात, तसं. स्टुलावरून, काउंटरवरून, दारातून, रंग जवळपास तोच. जात काही नवी नाही. हिताचीनं ती १९९६ मध्येच आणली, पण बरीच वर्षं महागड्या मॉनिटरांपुरतीच राहिली. आता साध्या बावीस-चोवीस इंचीतही सर्रास मिळते.

व्हीए मधलं. त्याचे कण बंद असताना काचेला काटकोनात उभे राहून मागचा उजेड चांगला अडवतात, म्हणून काळा रंग खरंच काळा दिसतो. कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या आणि काळ्या उजेडातलं प्रमाण, आयपीएसचा साधारण १०००:१ असतो, व्हीएचा ३०००:१ च्या आसपास. अंधाऱ्या खोलीत सिनेमा पाहायला झकास. पण बाजूनं पाहिलं की गडद भाग उजळल्यासारखा, धुरकट दिसतो. आणि काळ्या पार्श्वभूमीवरचा मजकूर भराभर सरकवला की मागं सावलीची शेपटी राहते.

खोक्यावर पॅनेलचं नाव नसेल तर दोन आकडे पाहा. व्ह्यूइंग अँगल, म्हणजे आडवं आणि उभं किती अंशांतून दिसतं ते, १७०/१६० किंवा ९०/६५ असा लिहिला असेल तर तो टीएन. १७८/१७८ असेल तर टीएन नाही. मग कॉन्ट्रास्ट पाहा: १०००, १३०० किंवा १५०० ला एक म्हणजे बहुतेक आयपीएस, ३००० किंवा त्याहून जास्त म्हणजे व्हीए. ‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट’ म्हणून लाखा-कोटीचा आकडा छापलेला असतो, त्याच्याकडं पाहूच नका. एक गंमत लक्षात ठेवा. ‘एएचव्हीए’ नावात व्हीए असलं तरी ती आयपीएसच्याच घराण्यातली जात आहे. पीएलएस आणि एडीएसही तिचीच भावंडं. दुकानदारालाही हे माहीत नसतं, तो "व्हीए आहे, चांगला आहे" म्हणून सांगतो आणि गिऱ्हाईक परत जातं.

रिझोल्यूशन: मात्रा मोजायचा टेप

रिझोल्यूशन म्हणजे पडद्यावर आडवे आणि उभे किती ठिपके. १३६६ बाय ७६८ म्हणजे साडेदहा लाखांच्या आसपास ठिपके. १९२० बाय १०८०, म्हणजे फुल एचडी, २० लाख ७३ हजार ६००. त्यावर २५६० बाय १४४०, त्याला क्यूएचडी किंवा टू-के म्हणतात. आणि ३८४० बाय २१६० म्हणजे फोर-के, फुल एचडीच्या बरोबर चौपट.

पण नुसता आकडा फसवतो. तेच २० लाख ठिपके साडेएकवीस इंचात बसवले तर दाट आणि सत्तावीस इंचात पसरले तर विरळ. पाच किलो बियाणं एका एकरात पेरा की दोन एकरात, तशी गत. म्हणून मी टेप वापरते. उजळणाऱ्या पडद्याची आडवी रुंदी मिलिमीटरमध्ये मोजायची आणि तिला आडव्या ठिपक्यांनी भागायचं. एका ठिपक्याची रुंदी निघते.

माझ्या जुन्या साडेअठरा इंचीची रुंदी ४१० मिलिमीटर, भागिले १३६६, म्हणजे ०.३०. साडेएकवीस इंची फुल एचडी ०.२५. चोवीस इंची फुल एचडी साडेसत्तावीस शतांश, म्हणजे ०.२७५. आता पाहा, सत्तावीस इंची फुल एचडी ०.३१! माझ्या जुन्या खटाऱ्यापेक्षाही जाड. तोच सत्तावीस इंची क्यूएचडीमध्ये घेतला तर ०.२३, फोर-केमध्ये ०.१५५. आणि लोक टेबलावर बत्तीस इंची एचडी रेडी टीव्ही ठेवून "मोठा दिसते" म्हणतात ना, तो १३६६ ठिपक्यांचा असेल तर ०.५ च्या वर जातो. मोठा दिसतो हे खरंच, पण मोठं दिसणं आणि स्पष्ट दिसणं एक नव्हे.

इंग्रजीत जाड ठिपके खपून जातात. ए, बी, सी सुटे सुटे उभे असतात. आपल्या लिपीत वर शिरोरेषा, तिच्यावर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, मधे जोडाक्षर. सरकारी साइटवरचं बारीक अक्षर घ्या. घ आणि ध यांत फरक कशाचा? वरची रेघ जुळलेली की तुटलेली. भ आणि म यांतही तेच. ती फट बारीक अक्षरात एका ठिपक्याची होते, आणि ठिपका धूसर असला की बुजून जाते. मग घुगे की धुगे, हे डोळ्यांनी ठरत नाही, अंदाजानं ठरतं. अंदाजानं दाखले भरले की काय होतं ते वर सांगितलंच.

माझा हिशोब असा: हाताच्या अंतरावर, म्हणजे दोन फुटांवर बसून मराठी मजकूर वाचायचा तर ठिपका ०.२८ च्या आत हवा. ०.३० च्या वर नकोच. खाली किती जायचं? माणसाची चांगली नजर एका अंशाचा साठावा भाग ओळखते, तो ६० सेंटिमीटरवर ०.१७ मिलिमीटर भरतो. सत्तावीस इंची फोर-के त्याच्याही खाली गेला, म्हणजे तिथून पुढं दाटपणा वाढवून डोळ्याला काही मिळत नाही. पस्तिशी ओलांडलेल्या आणि चष्मा घरी विसरणाऱ्या माझ्यासारखीला तर आधीच नाही.

दाटपणाशिवाय जागाही लागते. ७६८ उंचीच्या पडद्यावर किती फॉर्मांचं ‘सबमिट’ बटण खाली गडप व्हायचं. २०२४ मध्ये लाडकी बहीणचे अर्ज आले तेव्हा मी दिवसभर स्क्रोलच करत होते. आता डाव्या अर्ध्यात आधारची प्रत उघडते आणि उजव्या अर्ध्यात फॉर्म. फुल एचडीत अर्ध्या वाट्याला ९६० ठिपके येतात. काही साइट तेवढ्यात मावत नाहीत, आडव्या सरकवाव्या लागतात. क्यूएचडीत १२८० येतात, सगळं मावतं. दिवसभर असंच दोन खिडक्या उघडून काम असेल तर क्यूएचडीचा पैसा इथं वसूल होतो. रंगासाठी नाही, जागेसाठी.

मग आधी काय? पैसे तर एकाच गोष्टीला आहेत

स्टूल मोजा. पडद्यावर तुमच्याशिवाय दुसरं कोणी पाहत असेल आणि त्याच्या ‘हो’ म्हणण्यावर तुमचं काम पक्कं होत असेल, तर पॅनेल आधी. आयपीएस घ्या, रिझोल्यूशन फुल एचडीवर थांबवा, आकार बावीस ते चोवीस इंच. उरलेल्या पैशात यूपीएसची बॅटरी बदला. मी २०२४ च्या दिवाळीत हेच केलं, चोवीस इंची आयपीएस फुल एचडी घेतला. क्यूएचडी व्हीए पलीकडच्या शेल्फवर होता, वक्र पडद्याचा, दिसायला देखणा. पण वक्र पडदा एका माणसासाठी वळवलेला असतो. माझ्या स्टुलावरच्यानं काय पाहायचं?

एकटेच पाहत असाल, दिवसभर मजकूरच वाचायचा-लिहायचा असेल, तर रिझोल्यूशनकडं झुका. पण टीएनपर्यंत खाली उतरू नका. एकट्याच्याही मानेला दिवसातून दहा वेळा वर-खाली व्हावं लागतं, आणि टीएनमध्ये खुर्चीत जरा घसरून बसलं तरी पडद्याचा वरचा भाग वेगळा आणि खालचा वेगळा दिसतो.

माझ्या नणंदेचा मुलगा पुसदकडं लग्नाचे फोटो-अल्बम करतो. रात्री एकटाच बसतो, खोलीत अंधार. त्यानं सत्तावीस इंची वक्र व्हीए घेतला, फुल एचडी. मला दाखवायला नेलं. काळे सूट, रात्रीची वरात, काय काळं दिसत होतं! मी म्हटलं, छान आहे. मग त्यानं बारा बाय छत्तीसचं अल्बमचं पान उघडलं. नवरदेवाचा सूट पानाच्या मधोमध काळा आणि कडेला राखाडी. खालची नावं ठिपकेदार. "मामी, कंचा खरा काया समजू?" मला उत्तर देता आलं नाही. त्याच्या कामाला सत्तावीस इंची क्यूएचडी आयपीएस हवा होता. काळा जरा राखाडी दिसला असता, पण सगळीकडं सारखा राखाडी. आता तो त्याच मॉनिटरवर गेम खेळतो, तिथं मात्र व्हीए त्याला आवडतो. बरोबरच आहे.

रंगाचं काम असेल त्यांनी आणखी एक आकडा पाहावा, पडदा किती रंग दाखवतो त्याचा. ‘९९% एसआरजीबी’ किंवा ‘७२% एनटीएससी’, दोन्ही साधारण एकच. ‘४५% एनटीएससी’ दिसलं तर ठेवून द्या, आयपीएस असला तरी. हळदीचा पिवळा आणि कुंकवाचा लाल, दोन्ही फिके दिसतील. आणि कितीही चांगला मॉनिटर असला तरी फ्लेक्सवर पडद्यासारखा निळा उतरत नाही. १४ एप्रिलच्या बॅनरांसाठी मी छापून आलेल्या निळ्याचे चार तुकडे भिंतीला चिकटवून ठेवलेत, खाली त्यांचे आकडे लिहून. गिऱ्हाइकाला तुकडा दाखवते, पडदा नाही.

हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला किती चित्रं त्याचं, थोडक्यात. ६०, ७५, १००, आपल्या कामाला सगळे सारखे. गेम खेळणाऱ्यांनी वेगळा विचार करावा.

घेण्याआधी घरच्या डब्याच्या मागं वाका

आपला जुना सीपीयू कोणती केबल देतो ते पाहिल्याशिवाय मॉनिटर घ्यायला जाऊ नका. मागं फक्त निळं, पंधरा पिनांचं व्हीजीए असेल तर फुल एचडी चालेल, पण अक्षराला हलकी सावली येते, कारण ते सिग्नल अ‍ॅनालॉग आहे. माझ्या वानखडे प्रकरणात अर्धा हात याच निळ्या केबलचा होता. नवा मॉनिटर आणला तेव्हा त्याच डब्याला एचडीएमआयही निघालं, सात वर्षं धुळीत, टोपण लावलेलं. वाकून पाहिलंच नव्हतं.

फोर-केचा मोह असेल तर जास्त जपून. जुनं एचडीएमआय १.४ फोर-के दाखवतं, पण सेकंदाला ३० चित्रं. माउस ओढल्यासारखा चालतो, दोन तासांत डोकं उठतं. त्याला डिस्प्लेपोर्ट १.२ किंवा एचडीएमआय २.० लागतं. शिवाय फोर-केवर सगळं इतकं बारीक दिसतं की विंडोजला १५०% मोठं करायला सांगावं लागतं. नवी सॉफ्टवेअर नीट मोठी होतात, अक्षर पुस्तकासारखं येतं. जुनी सॉफ्टवेअर एकतर धूसर होतात नाहीतर बटणं मुंगीएवढी राहतात. आमच्या पत्रिकांचं काम अजून जुन्या कोरलवर आणि जुन्या मराठी फॉन्टांवर चालतं, म्हणून मी त्या वाटेला गेले नाही.

दुकानात उठाबशा

पेनड्राइव्ह घेऊन जा. माझ्या पेनड्राइव्हमध्ये चार गोष्टी होत्या: एक डिजिटल सातबारा, एक पान ज्यावर घ ध घ ध भ म भ म आणि वानखडे-वानखेडे बारीक अक्षरात लिहिलेलं, एक बॅनर ज्यात माणसांचे चेहरे आणि भगवा-निळा दोन्ही, आणि पाच सपाट पानं: लाल, हिरवं, निळं, पांढरं, काळं. ती पेंटमध्ये दोन मिनिटांत होतात. पेंटमध्ये एफ ११ दाबलं की चित्र पूर्ण पडद्यावर येतं.

आधी खुर्चीत बसून नावं वाचा. मग बॅनर लावून उभं राहा, डावीकडं स्टुलाच्या जागी जा, मग खाली उकिडवं बसा. चेहऱ्यांचा रंग बदलला की समजा. मी हे करत होते तेव्हा दुकानातला पोट्टा म्हणाला, "मॅडम, योगा करून रायल्या काय?" हसू द्या. पैसे आपले आहेत.

काळं पान लावलं की आयपीएसच्या कोपऱ्यात पांढुरकी झाक दिसते, कडेनं पाहिलं की जास्त. तो त्या जातीचा गुण आहे, बिघाड नाही. पण एका कडेनं पट्ट्यासारखा उजेड गळत असेल तर दुसरा नग मागा. रंगीत पानांवर एखादा ठिपका मेलेला दिसतो का ते तिथंच पाहा. घरी आणल्यावर एक-दोन मेलेल्या ठिपक्यांसाठी कंपन्या सहसा बदलून देत नाहीत.

पडद्याचा पृष्ठभाग मॅट घ्या. आमच्यासारखं दुकान दारानं उजेड घेतं, चकचकीत पडद्यात दुपारी फॉर्मऐवजी रस्त्यावरची एसटी दिसते. दार डोळ्यासमोर किंवा पाठीमागं येणार नाही असं टेबल आडवं लावलं तर निम्मा त्रास तसाच जातो, पैसे न देता.

वापरलेला घ्यायचा असेल तर नागपूरला सीताबर्डीवर कार्यालयांतून निघालेले मॉनिटर मिळतात. त्यात १९२० बाय १२०० चे, जरा उंच आकाराचे, आयपीएस जातीचे सापडले तर सोन्याहून पिवळं. फॉर्म आणि पत्रिका दोन्हीला ती वाढीव उंची कामी येते. पण तिथं काळं-पांढरं पान लावल्याशिवाय पैसे काढू नका. नवा घेताना पक्कं बिल, त्यावर सिरियल नंबर, आणि मागच्या स्टिकरवर बीआयएसचं चिन्ह. सर्व्हिस सेंटर यवतमाळला आहे की अमरावतीला हे तिथंच विचारा. एसटीत मॉनिटर मांडीवर घेऊन मी गेलेय, पुन्हा जायची इच्छा नाही.

डीपी, टिन आणि मे महिना

शहरातले लोक हे लिहीत नाहीत, म्हणून मी लिहिते. काही मॉनिटरची पॉवर सप्लाय आतच असते, काहींना लॅपटॉपसारखा बाहेरचा अडॅप्टर असतो. बाहेरचा दिसायला गबाळा. पण आमच्याकडं डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) उडाली आणि व्होल्टेज वर-खाली झालं की आधी जळतो तो अडॅप्टर, आणि तो बाजारात मिळतो. आतली सप्लाय जळली की मॉनिटर उचलून तालुका, मग जिल्हा. म्हणून बाकी सगळं सारखं असेल तर मी अडॅप्टरवाला घेते. नवा अडॅप्टर घेताना जुन्यावरचे व्होल्ट आणि पिन जुळवायची, अ‍ॅम्पिअर तेवढेच किंवा जास्त. आणि अर्थिंग आधी नीट करून घ्या, त्याला मॉनिटरच्या किमतीपुढं काहीच लागत नाही.

वीज कमी खातो. चोवीस इंची साधारण वीस वॅट धरला आणि दहा तास चालवला तर रोज ०.२ युनिट. इन्व्हर्टरला सीपीयूचाच भार जास्त.

गरमीचं पाहा. माहितीपत्रकात चालण्याचं तापमान बहुतेक ० ते ४० अंश लिहिलेलं असतं, आणि मे महिन्यात आमच्याकडं पारा ४५ च्या पुढं जातो, टिनाखाली आणखी. मी मागं वीतभर जागा सोडते, ब्राइटनेस पूर्ण ठेवत नाही आणि दुपारी दोन ते चार दुकान बंद. ते शेवटचं मॉनिटरसाठी नाही, माझ्यासाठी.

लावल्यावर

विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जिथं ‘रेकमेंडेड’ लिहिलेलं असतं तेच रिझोल्यूशन ठेवा. अक्षर लहान वाटतं म्हणून रिझोल्यूशन कमी करणारे खूप पाहिले. तसं केलं की फुल एचडीचे पैसे देऊन धूसर पडदा वापरणं झालं. अक्षर मोठं हवं तर खालचं स्केल १२५% करा. शोध चौकटीत ‘क्लिअरटाइप’ टाइप करून ती पाच पानांची परीक्षा द्या, मराठी अक्षर बरंच सुधारतं. व्हीजीएच असेल तर मॉनिटरवरचं ‘ऑटो’ बटण एकदा दाबा. पडद्याशेजारी पांढरा कागद धरा आणि दोन्ही सारखे उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस खाली आणा.

जुना साडेअठरा इंची टाकला नाही. तो आता काउंटरवर, उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल इतका उंच बसवलाय, पेमेंटचा क्यूआर दाखवायला. समोरून पाहिलं की टीएनही बरा दिसतो.

एक नवी कटकट मात्र सुरू झाली. आता स्टुलावरून सगळं स्पष्ट दिसतं, त्यामुळं प्रत्येक जण स्क्रीनला बोट लावून सांगतो, "हे पाहा ताई, हे वेलांटी दीर्घ पायजे." वानखडे काका परवा आले, त्यांनी तर नखानं मात्रा खरवडून दाखवली. बोटाला कधी चुना, कधी हळद, वेचणीच्या दिवसांत कापसाची धूळ. पुसायला चष्म्याचं मऊ कापड, त्याला साधं पाणी, तेही कापडावर, पडद्यावर शिंपडायचं नाही. काच पुसायचं निळं पाणी किंवा स्पिरिट लावलं तर मॅट थर उतरू शकतो. मॉनिटर बंद करून पुसा, डाग काळ्यावर चांगला दिसतो. आणि टेबलावर एक लांब पेन्सिल ठेवा, खोडरबराची बाजू पुढं करून, बोटाऐवजी ती देता येते.